हेमांगीचा न संपणारा ढीग

माळावरच्या एका गावात हेमांगी नावाची पशुवैद्य होती. कामाला चोख, स्वभावाने भिडस्त. बाहेरचं नवं ज्ञान आपल्या गावच्या जनावरांपर्यंत पोचावं म्हणून ती पशुवैद्यांच्या मेलिंग लिस्टांमध्ये सामील झाली. एक गायींची, एक शेळ्यांची, शिवाय कोंबड्यांची, चाऱ्याची, औषधांची. लिस्टवर कुणी काही लिहिलं की ते सगळ्यांना जाई.

सुरुवातीला तिला हुरूप आला. मग ढीग साचू लागला. एक जण शंका विचारी, दहा जण उत्तरं देत, दोघे भांडत, उरलेले वाढदिवसाच्या शुभेच्छा देत. हेमांगी सगळं वाची, तेही आलेल्या क्रमाने. लोकांनी कष्टाने लिहिलेलं न वाचता टाकणं तिला अपमानासारखं वाटे. ती जेवताना वाची, गोठ्यात वाची. डोळे चुरचुरत, मान आखडे, आणि ढीग तेवढाच राही.

एके सकाळी शेळ्या पाळणारी येसूबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या दोन शेळ्या मेल्या होत्या, तिसरी मान टाकून पडली होती.

“पल्याडच्या गावात लस टोचून झाली म्हनं, डाक्टरीणबाई. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई?”

हेमांगीने फोन उघडला. शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी साथीचा इशारा केव्हाच पाठवला होता. त्याची पाळी अजून आली नव्हती.

खोटं बोलणं सोपं होतं. “सांगितलं होतं,” ती म्हणाली. “माझंच वाचायचं राहिलं. बाकीचं वाचत बसले होते.”

“बाकीचं कसलं?”

“सगळंच. पाठवणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून.”

येसूबाई उंबऱ्यावर टेकली. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. “पंगतीत वाढपी समद्यांम्होरं फिरतो. नगं आसंल तर आपण पानावर हात आडवा धरतो. तो कुठं रुसतो? तुमी तर गावाची पंगत एकटीनं जेवाया बसलात.”

हेमांगी लशीची पेटी घेऊन तिच्यामागे निघाली. तिसरी शेळी वाचली नाही. बाकीचा कळप वाचला.

घरी परतल्यावर तिने तीन लिस्टांतून नाव काढलं. उरलेल्या दोहोंतले नुसते विषय पाहिले, आपल्या भागातलं तेवढं वाचलं आणि बाकीचं पुसून टाकलं. पुसताना जीव चुटपुटला. पण तिने न वाचता पुसलेलं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तात्पर्य: सगळ्यांचं सगळं वाचू पाहणाऱ्याचं नेमकं गरजेचं तेवढं वाचायचं राहून जातं; म्हणून आपल्या कामाचं आधी निवडावं आणि बाकीचं खंत न करता जाऊ द्यावं.