बसून राहिलेलं इंजिन

फार मागे, होडीतल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. होड्या हाकणाऱ्या हरबा तांडेलाने एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. तिच्या पोटात गंजून जाम झालेलं डिझेल इंजिन होतं.

होडी चार दिवसांच्या वाटेने घरच्या बंदराकडे निघाली. वर शीड फुगून म्हणालं, "काय रे जावया, बसूनच खाणार का?"

तांडेल रोज सकाळी इंजिनात तेल ओतायचा आणि चाकाला हात लावून म्हणायचा, "सुटशील रे बाबा, घाई नाही." चाक तसूभर हलत नसे. तांडेलाच्या भावाने तर सांगूनच टाकलं होतं, "दादा, पुढच्या बंदरात हा धोंडा भंगारात देऊ. होडी हलकी होईल." ते बंदर आता समोर दिसत होतं.

तेवढ्यात वारा फिरला. होडी एका अंगावर कलली, काठावरून पाणी आत आलं. "मला कोणी धरा रे!" शीड ओरडलं. इंजिनाला धरता येत नव्हतं. ते फक्त बुडाशी घट्ट बसून राहिलं. त्याचे बोल्ट करकरले, पण सुटले नाहीत. त्याच्या वजनाने हळूहळू होडी सरळ झाली.

भंगाराचं बंदर जवळून गेलं. भिजलेल्या भावाने सुकाणू तिकडे वळवलं नाही.

सकाळी तांडेलाने तेल ओतलं. चाक तिळाएवढं हललं.

"अहो जावईबापू," वरून शीड घाबरून म्हणालं, "जागा तेवढी सोडू नका हं!"