डोळे मिटून चालायचा सण

पळसाच्या रानात, एका टेकडीच्या पोटात, साळिंदरांचे एक कुटुंब राहत असे. बाबा, आई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. त्यांच्या बिळाला दोन दारे होती. पुढचे दार रुंद होते, रोज येण्याजाण्याचे. मागचे दार लांब, ओढ्याकाठच्या एका जुन्या पळसाखाली निघत होते आणि तिथवर काळाकुट्ट बोगदा होता. बोगद्यात मध्येच दोन वाटा फुटत. डावी वाट बाहेर जाई. उजवी थोडी पुढे जाऊन मातीच्या भिंतीशी संपे.

माघातल्या पौर्णिमेला या घराचा सण असे. आधी बोगदा झाडायचा. मग घरातल्या सगळ्यांनी एकामागे एक, डोळे मिटून, डाव्या भिंतीला नाक घासत, एक शब्द न बोलता मागच्या दारापर्यंत जायचे. पळसाखाली पोचले की गोड कंद खायचे. असे का करायचे, ते कोणालाच माहीत नव्हते. आजी-पणजीपासून चालत आले होते, एवढेच.

आईला या सणाची फार काळजी. मुलांच्या अंगात तो भिनला नाही तर पुढे कोण करणार, या विचाराने तिला झोप लागत नसे. त्या वर्षीही ती सकाळपासून एकटीच बोगदा झाडत होती. दिवस कलला तशी ती अंगावरची माती झटकत आत आली आणि म्हणाली, "उठा, चला. वेळ झाली."

"यंदा राहू दे ना गं," बाबा जागचे न हलता म्हणाले. "कंद काय, इथे बसूनसुद्धा खाता येतात. चालल्याने त्यांची चव वाढते का?"

"शेजारच्या सशांकडे बघ," थोरली म्हणाली. "त्यांच्यात असलं काही नसतं. सणाच्या दिवशी मस्त लोळतात."

"मग जा सशांकडे राहायला! काटे इथे काढून ठेव आणि जा!" आई फणकारली.

"माझ्या नाकात माती जाते," धाकटा कुरकुरला.

धाकट्याला मात्र आईने सोडले नाही. कान धरून पुढे घातला. पोरगा सगळा रस्ता रडला, न बोलण्याचा नेम मोडला, पण रडत का होईना, भिंतीला नाक घासत पळसापर्यंत गेला. बाकीचे दोघे आलेच नाहीत. मग आईनेच कंद उकरले, ओढ्यावर धुतले आणि तोंडात धरून घरी आणले.

"वा! गोड आहेत हं," बाबा मिटक्या मारत म्हणाले. "अजून आहेत का?"

मुलांनो, आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही का? आईचे काटे असे ताठ उभे राहिले की छताची माती खाली पडली.

"गोड लागणारच! झाडलं मी, उकरले मी, धुतले मी, चालले मी. तुम्ही चालवलं ते तोंड! तिसरं वर्ष आहे हे, अहो, तिसरं!"

"अगं, सणासुदीला कशाला चिडतेस?"

"सण? कुठाय सण? इथे तर मी एकटीच आहे!"

बाबांनी उरलेला कंद थोरलीला दिला आणि दोघे कूस बदलून झोपले.

महिना उलटला. पळस फुलला, गवत वाळून कडकडीत झाले. एके दुपारी आई ओढ्यावर पाणी प्यायला गेली होती, तेवढ्यात टेकडीला वणवा लागला. वारा असा की बघता बघता आग पुढच्या दारापाशी आली आणि धूर बिळात शिरला. आई धापा टाकत मागच्या दाराकडे धावली. तिथे पोचते तोच पळसाखालून धाकटा बाहेर पडला. नाकाला ही एवढी माती!

"आई, मी डोळे मिटले आणि नाक लावून आलो," तो खोकत म्हणाला.

"आणि बाबा? ताई?"

"माझ्या पुढे होते. त्यांचं खोकणं उजवीकडे गेलं."

बोगदा आईने स्वतः झाडलेला होता, वाटेत एक खडा नव्हता. पण तीन वर्षांत ज्यांनी तिथे पाऊल टाकले नाही, त्यांना डावे काय आणि उजवे काय! ती धुरात शिरली आणि शेपटीचे काटे खळखळा वाजवत ओरडली, "मागे फिरा! या आवाजाकडे या! आणि फाट्यावर डाव्या वाटेच्या भिंतीला नाक लावा! लाज वाटत असेल तरी लावा!"

किती तरी वेळाने थोरली बाहेर आली. तिच्यामागून बाबा आले. पुढच्या दारातल्या आगीने त्यांच्या पाठीवरचे निम्मे काटे जळून गेले होते.

श्वास आल्यावर बाबा म्हणाले, "तू बोगदा झाडून ठेवला होतास म्हणून वाचलो गं."

"झाडून काय उपयोग?" आई कडाडली. "या पोराला मी रडवत नेलं, तो एकटा बाहेर आला. तुमच्या वाटचं मी कसं चालणार होते, सांगा ना!"

थोरली गुपचूप आईच्या नाकावरची काजळी चाटू लागली.

पुढच्या माघी पौर्णिमेला बोगदा थोरलीने झाडला. धाकटा सगळ्यांच्या पुढे चालला आणि मागचे कोणी बोलले की फुस्स करून दटावू लागला. कंद बाबांनी उकरले. त्यातले दोन कडू निघाले. आईने ते दोन्ही खाल्ले आणि म्हणाली, "गोड आहेत हं. अजून आहेत का?"

तात्पर्य : घरचा सण एकटीवर टाकून नुसते खायला बसू नये, ज्याच्या त्याच्या वाटचे त्यानेच चालावे लागते.