उंबऱ्यावरचा शब्द

एकदा एका वृद्ध वैद्यांचा शिष्य खलबत्त्यात सुंठ कुटता कुटता मध्येच थांबला. "बुवा, आई गेल्याचं स्वप्न पडलं. आज तिसऱ्यांदा," एवढं बोलला आणि त्याला रडू कोसळलं.

गावात सल्ल्यांना काय तोटा! शेजारीण म्हणाली होती, "स्वप्नात मरण दिसलं की आयुष्य वाढतं हो!" जोशीबुवांनी ग्रहांची शांत करायला सांगितली होती. शिष्याला कशानेच चैन पडेना. आई चार कोसांवर, एकटी, साठी उलटलेली. खरंच काही झालं तर?

वैद्यांनी त्याची नाडी पाहिली नाही, की काढा दिला नाही. म्हणाले, "विहिरीवरून तांब्याभर पाणी आण."

"जातो," म्हणत शिष्य उठला.

"बस खाली. पुन्हा ऊठ."

"जातो, बुवा."

"बस."

तिसऱ्या खेपेला शिष्य वैतागला. "इथे माझा जीव जातोय, आणि तुम्हाला उठाबशा कसल्या सुचताहेत?"

"अरे, बाहेर पडताना शेंबडं पोरही 'येतो' म्हणतं. तुझ्या तोंडी 'जातो' कधीपासून आलं?"

शिष्याने मान खाली घातली. "दोन वर्षं झाली. भांडून घर सोडलं. आई उंबऱ्यापर्यंत मागे आली. म्हणाली, 'जातो म्हणू नये रे, येतो म्हण.' मी मुद्दाम म्हणालो, 'जातोच!' तेव्हापासून 'येतो' हा शब्द जिभेवर येतच नाही."

वैद्य म्हणाले, "उद्याचं मरण स्वप्नाला कळत असतं, तर वैद्यांना कोणी विचारलं नसतं. हे स्वप्न तिच्याविषयी काही सांगत नाही, तुझ्याविषयी सांगतं. ती जाईल आणि तिच्या कानांत तुझा तो 'जातोच' राहील, याचं तुला भय आहे. भय रास्त आहे. आज ना उद्या माणूस जायचाच. तोवर शब्द बदलता येतो, नंतर नाही. याला शांत नको, चार कोस चालणं पुरे."

शिष्य दुपारीच निघाला. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्याला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, पण म्हणाली एवढंच, "पाय धुऊन घे." तो चार दिवस राहिला. निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "आई, येतो गं."

मागच्या वेळी तो वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी होती. या वेळी "ये हो" म्हणाली आणि सूप घेऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसली. येतो म्हटलेल्या माणसासाठी दारात कशाला उभं राहायचं?