बुडवणाराही भिजतो

“आणि तो निर्दोष निघाला तर?” निर्मळगीर बुवांनी विचारलं.

सुपडू पाटलाने मान ताठ केली. “तर आत्ता उठेन, त्याच्या दारात जाऊन पाय धरेन. मी हट्टी माणूस नाही, बुवा. खरं दिसलं की मानतो.”

गिरणेकाठच्या मठीत दुपारचं दुसरं कोणी नव्हतं. सुपडूचा धाकटा भाऊ उखा अंथरुणाला खिळला होता. ‘एकदा येऊन जा,’ असा त्याचा निरोप सकाळीच आला होता. सुपडू घरातून निघाला, पण भावाच्या गल्लीत पाय वळेना. तो सरळ नदीवर आला.

याच नदीत एका तपापूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा, धना, बुडाला होता. सोबत फक्त उखा होता. त्याच महिन्यात दोघा भावांत बांधावरून हातघाई झाली होती. पोराला अग्नी दिला त्या दिवसापासून सुपडूने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

“उखानेच बुडवलं, हे कशावरून?”

“माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“बुडवताना?”

“नाही... मी पोचलो तेव्हा तो धनाला मांडीवर घेऊन बसला होता. डोळ्यांत टिपूस नाही. ज्याने काही केलं नाही, तो असा बसेल?”

“अंगावरचे कपडे?”

“भिजलेले.”

“म्हणजे काढायला उतरला होता.”

“बुडवणाराही भिजतो, बुवा.”

बुवा नदीकडे बघत राहिले...

“मी होतो तिथे,” ते म्हणाले.

सुपडूला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“तेव्हा मी फिरता होतो. पलीकडच्या काठावर बसलो होतो. पोर शेवाळावरून घसरलं. उखाने मागोमाग उडी टाकली. बुडी मारायचा, वर यायचा, पुन्हा बुडी मारायचा. हाती लागलं तेव्हा पोरात काही उरलं नव्हतं. तू येईपर्यंत उखा रडून रडून कोरडा झाला होता.”

सुपडूने मुठी आवळल्या.

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“आज विचारलंस.”

“पलीकडून एवढं दिसतं? दुसरं कोणी होतं तुमच्यासोबत? एक तरी साक्षीदार?” त्याचा आवाज चढत गेला. “उखाची बायको येते ना इथे शिधा घेऊन? तिनेच पढवलंय तुम्हाला. भगवी कफनी घालून खोटं बोलता?”

बुवांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले. “नव्हतो मी तिथे. खोटं बोललो.”

सुपडूने श्वास सोडला. आवळलेल्या मुठी आपोआप सुटल्या. पुढ्यातला तांब्या उचलून तो घटाघटा पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि भिंतीला टेकून बसला.

“मला ठाऊकच होतं,” तो म्हणाला.

“मघाच्या बोलण्याला तू साक्षीदार मागितलास.”

“मग? मागणारच.”

“या बोलण्याला नाही मागितलास.”

हातातला तांब्या सुपडूने खाली ठेवला, तो कलंडला. पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरत गेलं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

आपल्या पोराला सख्ख्या भावाने पाण्यात दाबून मारलं, हे पुन्हा खरं ठरलं होतं. आणि ते ऐकून आपल्याला हायसं वाटलं होतं. तहान लागली होती. पाणी गोड लागलं होतं.

त्याला दरदरून घाम फुटला. भिंत धरून तो कसाबसा उभा राहिला.

“बुवा... तुम्ही होतात की नव्हतात?”

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला.

“पाया पडतो. एवढं एकच सांगा. धनाला काय झालं?”

बुवांनी पंच्याने जमिनीवरचं पाणी टिपलं, पंचा पिळला, उन्हात पसरला. मग गावाच्या दिशेला बोट केलं.

“ज्याला ठाऊक आहे, त्याचा श्वास अजून चालू आहे.”