टिटवी आणि फुलाफुलांची छत्री

एकदा एक तरुण छायाचित्रकार आपल्या वृद्ध गुरूंसोबत माळरानांच्या प्रवासाला निघाला. गाव मागे पडले, ऊस मागे पडला, पुढे नुसता मुरूम, खुरटे गवत आणि मधूनच एखादी बाभूळ. असल्या प्रदेशाला लोक ओसाड म्हणतात आणि गाडीची काच वर करून झोपी जातात. गुरुजी मात्र आयुष्यभर याच प्रदेशात हिंडले होते. त्यांनी टिपलेले लांडगे, चिंकारे आणि संध्याकाळी गवतात उतरणारे भोवत्या ससाणे पाहून शहरातली माणसे चकित होत. गुरुजींची जीप जुनी होती, तिचे एक दार दोरीने बांधलेले होते. शिष्याचा कॅमेरा त्या जीपहून महाग होता, आणि ही गोष्ट शिष्याच्या चांगलीच ध्यानात होती.

वाटेत त्याने पुष्कळ फोटो काढले. धुक्यातल्या टेकड्या काढल्या, कड्यावर उभा राहिलेला चिंकारा काढला. परतल्यावर शहरात त्याचे पहिले प्रदर्शन भरायचे होते. सगळ्या चौकटी भरल्या होत्या, फक्त मधली मोठी चौकट त्याने मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिथे त्याला पखुर्डी हवी होती.

पखुर्डी हे मातीच्या रंगाचे, कबुतराएवढे पाखरू. जिथे पिले असतात तिथे पाण्याचा थेंब नसतो, म्हणून नर दूरच्या पाणवठ्यावर येतो, पोटाची पिसे पाण्यात बुडवून चिंब करतो आणि तसाच उडत जाऊन पिलांना पाणी पाजतो. पोट भिजवणारा तो नर शिष्याला टिपायचा होता. नुसते ऐकूनच त्याला वेड लागले होते, आणि खरे सांगायचे तर हे वेड लागण्याजोगेच आहे.

माळाच्या मध्यावर एक डबके होते. चैत्राच्या उन्हाने ते रोज आटत चालले होते. आज गुडघाभर असलेले पाणी चार दिवसांत घोट्याएवढे होई. ते संपले की पखुर्ड्या दुसरीकडे जाणार, हे उघड होते. डबक्याच्या काठी गुरुजींनी बाभळीच्या फांद्या आणि गोणपाट लावून एक लपण उभे केले. आत एकच माणूस कसाबसा मावे. गुरुजींनी शिष्याला बजावले, "मातकट कपडे घाल. हलू नकोस. खोकला आला तर गिळ."

शिष्य तयारच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी जे केले, ते पाहून तो थक्क झाला. गुरुजी पांढरेशुभ्र धोतर नेसून आले. हातात छत्री, तीही बायकी, लाल-पिवळ्या फुलाफुलांची. दोघे डबक्यापर्यंत चालत गेले, शिष्य लपणात शिरला, आणि गुरुजींनी ती छत्री उघडून डोक्यावर धरली. मग कुठलेसे जुने गाणे मोठ्या आवाजात, अत्यंत बेसूर गात ते आल्या वाटेने माळ तुडवीत परत निघाले. काठावरची टिटवी किंचाळत त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. गुरुजी थांबले नाहीत की घाईही केली नाही. उतारापलीकडे छत्री दिसेनाशी झाली तरी गाणे ऐकू येतच होते.

लपणात बसून शिष्य दात-ओठ खात होता. पखुर्ड्या आल्या खऱ्या, पण फार उशिरा, आणि नर भिजायला उतरला तो पलीकडच्या काठाला, पाठ करून. शिष्याने मनाशी ठरवून टाकले की हा सगळा त्या गाण्याचा प्रताप.

पुढेही रोज तेच. पांढरे धोतर, फुलाफुलांची छत्री आणि तेच गाणे. एकदा शिष्य भीत भीत म्हणाला, "गुरुजी, मला शांत बसायला सांगता आणि तुम्ही मात्र..."

"माझा आवाज वाईट आहे का?"

"तसं नाही, पण..."

"वाईटच आहे," गुरुजी म्हणाले आणि स्टोव्हला पंप मारू लागले.

मनात शंका शिरली की ती पाय पसरते. शिष्याला वाटू लागले, गुरुजींना आपला फोटो होऊ द्यायचा नाही. त्यांनी सगळे टिपले, पण त्यांच्याकडे पखुर्डीचा फोटो नाही, हे त्याला ठाऊक होते. जे त्यांना जमले नाही ते कालच्या पोराला जमावे, हे त्यांना खुपत असेल. असा विचार केल्याची त्याला लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

म्हणून एका पहाटे, गुरुजी झोपेत असताना, तो एकटाच निघाला. मांजराच्या पावलांनी डबके गाठले आणि लपणात शिरला. आज गाणे नव्हते, छत्री नव्हती. त्याला मनापासून आनंद झाला.

पण टिटवी झोपलेली नव्हती. ती समोरच्या ढेकळावर उभी राहिली आणि लपणाकडे तोंड करून ओरडू लागली. उजाडले, ऊन चढले, तरी तिचे तोंड मिटेना. पखुर्ड्यांचा थवा आला, डबक्यावर फिरला, पुन्हा फिरला आणि निघून गेला. दुसऱ्या थव्यानेही तेच केले. दुपार होऊ लागली तेव्हा घामाने निथळत शिष्य बाहेर आला. डबक्यात आता फक्त मधोमध थोडे पाणी उरले होते.

जीपपाशी गुरुजींनी त्याच्या हाती चहाचा कप दिला. कुठे गेला होतास, असे त्यांनी विचारले नाही.

"आज एकही उतरली नाही," शिष्य म्हणाला.

"टिटवी काय करत होती?"

"ओरडत होती. सकाळपासून, सारखी."

"आणि मी गात परत जातो तेव्हा?"

शिष्याने आठवून पाहिले. "तेव्हा ती तुमच्या मागे जाते, ओरडत. मग परत येते आणि..." तो अडखळला. "आणि गप्प बसते."

"मग पाखरं कधी उतरतात?"

शिष्य वळून डबक्याच्या दिशेने पाहू लागला. कप हातात तसाच राहिला.

गुरुजी म्हणाले, "टिटवीला मोजता येत नाही, बाबा. दोघं आले हे तिला कळत नाही. माणूस आला, एवढं कळतं. माणूस गेला हे तिने डोळ्यांनी पाहिलं की तिचं समाधान होतं, आणि टिटवी गप्प झाली की सगळ्या माळाचा जीव भांड्यात पडतो. पण जाणाऱ्यानं दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे. लपतछपत गेला तर काय उपयोग? आज तू आत शिरलास आणि कुणीच बाहेर पडलं नाही. ती बिचारी काय करणार?"

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुला युक्ती कळली असती. टिटवी कळली नसती."

शिष्याने मान खाली घातली. आपण मनात काय काय आणले होते, ते त्याने सांगून टाकले. गुरुजी रागावले नाहीत, उलट खळखळून हसले.

"खुपतं म्हणालास ना? खुपतं की. पण तुझं नाही," ते म्हणाले. त्यांनी छत्री मांडीवर घेतली आणि तिच्या काडीवरची धूळ बोटाने पुसली. "ही छत्री आमच्या हिची. माझा एकूण एक फोटो घे, लांडग्यांचे सोडून, ते जीपमधून काढले. त्या प्रत्येक फोटोच्या वेळी ही बाई उन्हात परत चालत गेलेली आहे. गाणंही तिचंच. ती मात्र सुरात गायची. नाव माझं झालं. परत जाणारी बाई कुठल्याच फोटोत नाही, कारण ती फोटोत दिसली असती तर फोटोच झाला नसता. पखुर्डी तेवढी राहून गेली. पुढच्या उन्हाळ्यात काढू म्हणालो, आणि ती गेली. मग तुमच्यासारखे शिष्य येऊ लागले. त्यांना बसवायचं आणि आपण चालायचं. तिचं काम आता माझ्याकडे आलंय. वाईट नाही ते. चालताना पुष्कळ काही ऐकू येतं."

"काकूंचं नाव काय होतं?" शिष्याने विचारले.

"कुमुद," गुरुजी म्हणाले. त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डबक्यात ओंजळभर पाणी होते. ही सकाळ शेवटची, हे दोघांनाही दिसत होते. लपणापाशी पोहोचल्यावर शिष्याने खांद्यावरचा कॅमेरा काढून गुरुजींच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या हातातली छत्री घेतली.

"अरे, तुझी मधली चौकट?"

"पुढच्या वर्षी पाणी येईलच की. बसा तुम्ही. हलू नका. खोकला आला तर गिळा."

गुरुजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि धोतर सावरत ते आत शिरले. धोतर मातकट नव्हते, पण गोणपाट जाड होते.

शिष्याने फुलाफुलांची छत्री उघडली. गाण्याचे शब्द त्याला अर्धेच येत होते, उरलेल्या जागी तो नुसताच ला-ला करत राहिला. टिटवी आली, त्याच्या डोक्यावर किंचाळत राहिली, उतारापर्यंत सोबत आली आणि वळली. थोड्या वेळाने ती मागे कुठेतरी गप्प झाली. मग डोक्यावरून पंखांची सळसळ गेली, एकामागून एक, डबक्याच्या दिशेने. ज्या दृश्यासाठी तो इतके दिवस तळमळला होता ते पाठीमागे घडत होते. वळून पाहावे म्हणून त्याची मान तडफडत होती. पण थबकलेल्या माणसाला पाहून पाखरे बिचकली असती, म्हणून तो चालत राहिला, गात राहिला. आपले डोळे का भरून आलेत ते त्याला नीटसे कळले नाही, पण इतके हलके त्याला कधीच वाटले नव्हते.

ऊन चढल्यावर गुरुजी आले. धोतर मातीने माखले होते आणि चेहरा लहान मुलाचा झाला होता.

"आला?" शिष्याने विचारले.

"आला. अगदी समोर. पोट भिजवून गेला." मग कॅमेरा परत देत म्हणाले, "तू फार बेसूर गातोस."

"तुमच्याकडूनच शिकलो."

प्रदर्शनात मधल्या चौकटीत गुरुजींची पखुर्डी लागली. खाली दोन नावे होती, आणि दुसरे नाव कुणाचे, असे लोक विचारत. शिष्य सांगे, "परत चालत गेलेल्या बाईंचं."

आपणही कधी निवांत बसलो, तर आपल्या चांगल्या सकाळींतून कोण छत्री उघडून परत गेले होते, ते एकदा आठवून पाहावे.