परकरावरून उडालेले पोपट

एक होता राजा. त्याची लेक मंजुळा. आई नव्हती बिचारीला. पण आईनं जायच्या आधी तिच्यासाठी तीन कपडे सुईदोऱ्यानं भरून ठेवले होते, स्वतःच्या हातानं, बरं का. रेशमी परकरावर पोपट, सुती पोलक्यावर चिमण्या आणि लोकरीच्या शालीवर एकच बुलबुल. ए, पाय मारू नकोस, ऐक.

एकदा काय झालं, दिवाळी आली. वाड्यावरचा धोबी भलताच उरकाचा. त्यानं परकर राजाच्या धोतरांबरोबर सोड्यात उकळला, दगडावर आपटला. पोलक्यावर तापलेली इस्त्री दाबली. झालं! पोपट भुर्रकन आंब्यावर. चिमण्या वळचणीला. मंजुळानं रडून घर डोक्यावर घेतलं. आईची तेवढीच तर आठवण होती. राजा घाबरला. त्यानं शाल पेटीत घातली आणि कुलूप लावलं.

मग आली भागू परटीण. आंब्याखाली उभी राहून म्हणाली, "काय रे पोपटांनो, का रुसलात?"

"कढत पाणी कुणी घातलं? रेशीम आहे ते!"

मग भागूनं गार पाण्यात रिठा घुसळला. परकर हलकेच बुचकळला, पिळला नाही हो, पंच्यात गुंडाळून टिपला आणि सावलीत वाळवला. पोपट आले.

मग चिमण्यांकडे गेली. त्या म्हणाल्या, "इस्त्रीनं आम्ही चपट्या झालो." भागूनं पोलकं धुतलं, मऊ गोधडीवर उलटं पसरलं आणि मागून इस्त्री फिरवली. चिमण्या फुगून जागेवर बसल्या.

मग राजानं ऐटीत पेटी उघडली. बघतो तर शालीला कसर लागलेली आणि बुलबुल भुर्रकन खिडकीत! भागूनं शाल झटकली, वाऱ्यावर टाकली, भोकं रफू केली. बुलबुल काही येईना, बोलेनाही.

संध्याकाळी गार वारं सुटलं. मंजुळा कुडकुडली. तिनं शाल ओढून अंगाभोवती घेतली. आणि काय सांगू, बुलबुल आला आणि तिच्या खांद्यावर आपल्या जागी बसला.

राजा म्हणाला, "अगं भागूबाई, रोज वापरून झिजेल ना ती."

भागू म्हणाली, "झिजू दे महाराज. राणीसाहेबांनी ती पेटीसाठी नाही भरली, लेकीसाठी भरली."

राजानं कुलूप विहिरीत टाकलं. मग मंजुळा शाल घेऊन हिंडली, राजा हसला आणि सगळी मजेत राहिली.

तुझ्या आईनं भरलेला तो बदकांचा फ्रॉक मीच कपाटात ठेवून दिलाय. चुकलंच माझं. उद्या घाल हो. पण वरणभात खाताना नाही. मीट आता डोळे.