डाव्या दोरीचं कडक व्रत

ऐक समुद्रदेवा, तुझ्या अंगणातली गोष्ट. एका बंदरात चांगुणा कोळणीची शिडाची होडी होती. होडीत मधोमध डोलकाठी, म्हणजे सासूबाई. त्यांना दोन बाजूंनी ताणून उभं धरणाऱ्या दोन दोऱ्या, डावी आणि उजवी, या जावा-जावा.

श्रावण लागला तशी डावीने व्रत घेतलं, "नारळी पुनवेपर्यंत तसूभरही सैल पडायचं नाही." ती रोज स्वतःला आणखी आवळून घ्यायची आणि टोमणा मारायची, "काही जणींना बाई ताण सोसतच नाही!" उजवी नवी होती. नवी दोरी ओढ बसली की लांबतेच. ती बिचारी रोज थोडी सैल पडायची.

पुनवेला चांगुणा नारळ घेऊन होडीत बसली, शीड चढवलं. होडी खोल पाण्यात जायची सोडून धक्क्यापाशीच गोल फिरू लागली.

"अगं बया, ही प्रदक्षिणा कुणाला?" चांगुणा म्हणाली.

डावीकडे वाकलेल्या सासूबाई कण्हल्या, "डावे, तुझ्या पुण्याईनं माझी कंबर मोडतेय गं!"

चांगुणाने वर पाहिलं, डावीला थोडं सोडलं, उजवीला थोडं आवळलं.

"माझं व्रत मोडलं!" डावी रडू लागली.

"मोडणार होते ती मी," सासूबाई ताठ होत म्हणाल्या. "मला सरळ धरायचं व्रत आत्ता कुठे सुरू झालंय."

होडी सरळ निघाली, नारळ देवाला पोचला. वाऱ्यावर दोघी जावा एका सुरात गुणगुणल्या. सासूबाईंचा कणा सरळ झाला, तसा घरोघरी होवो.